कोट उलटा करून बघा: आयव्ही स्टाइल म्हणजे नेमकं काय, आणि ती विकणाऱ्या दुकानांचं काय झालं

सध्या मोबाइलवर ‘ओल्ड मनी लुक’, म्हणजे पिढीजात श्रीमंतांचा पेहराव, या नावाने एक पेहराव सारखा समोर येतो. निळा ब्लेझर, आकाशी शर्ट, खाकी पँट, पायात लोफर. बघणाऱ्याला प्रश्न पडतो की यात विशेष काय आहे? हेच कपडे हॉटेलच्या रिसेप्शनवर दिसतात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये दिसतात, मॉलमधल्या प्रत्येक दुकानात लटकलेले असतात. मग एका ब्लेझरला ‘आयव्ही’ म्हणायचं आणि दुसऱ्याला म्हणायचं नाही, ते कशावरून?

पैठणी घेताना जाणती बाई आधी पदर उलटा करते. हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, यंत्रावरच्या नकलेत मागे धागे सुटलेले असतात. आयव्हीचंही तसंच आहे. रंग आणि बटणं कुणीही उचलू शकतो. खरा फरक शिवणीत, अस्तरात आणि कॉलरच्या आत असतो, आणि तो हाताला कळतो.

## नाव कुठून आलं

आयव्ही म्हणजे भिंतीवर चढणारी वेल. अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या जुन्या विद्यापीठांच्या इमारतींवर ती असते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, कॉर्नेल, ब्राऊन, डार्टमथ आणि पेन्सिल्व्हेनिया या आठ विद्यापीठांनी १९५४ साली खेळांसाठी एकत्र येऊन करार केला आणि ‘आयव्ही लीग’ हे नाव अधिकृत झालं. तिथली मुलं जे घालत, ती आयव्ही स्टाइल.

कपडे मात्र या करारापेक्षा बरेच जुने आहेत. न्यूयॉर्कचं ब्रूक्स ब्रदर्स हे कपड्यांचं दुकान १८१८ पासूनचं. जाकोबी प्रेस या लाटवियाहून आलेल्या ज्यू शिंप्याने १९०२ मध्ये न्यू हेवन गावात, येलच्या दारातच, जे. प्रेस सुरू केलं. बॉस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये हार्वर्डची मुलं अँडोव्हर शॉपमध्ये जात. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलला. १९४४ च्या त्या कायद्यामुळे लाखो माजी सैनिक कॉलेजात आले, आणि येताना अंगावर फौजेतली खाकी पँट घेऊन आले. श्रीमंत घरातल्या पोराचा ट्वीडचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, कोट आणि सैनिकाची खाकी पँट यांची तिथे जोडी जमली. त्यानंतरची वीसेक वर्षं हा या पेहरावाचा बहराचा काळ. १९६० च्या दशकाच्या शेवटी केस वाढले, जीन्स आली आणि कॉलेजांनी तो सोडून दिला.

## कोट: काय काय काढून टाकलं आहे

इंग्लिश किंवा इटालियन पद्धतीचा सूट शिवताना शिंपी माणसाला आकार देतो. खांद्यात पॅड घालून खांदा उचलतो, छातीखाली टक्स घेऊन कंबर बारीक दाखवतो. ब्लाउजला घेतात तेच हे टक्स, फक्त कोटाला ते पुढून उभे, छातीपासून खिशापर्यंत जातात.

आयव्हीचा मूळ कोट म्हणजे ‘सॅक कोट’. त्यात पुढचे टक्स नाहीत. खांद्यात पॅड नाही, किंवा असलं तर नावापुरतं. त्यामुळे खांदा माणसाचा जसा आहे तसाच उतरतो आणि कोट छातीवरून सरळ खाली येतो. पूर्ण अस्तराऐवजी पाठीच्या वरच्या भागात आणि बाह्यांत तेवढं अस्तर असतं. मागे मधोमध एकच चीर, आणि जुन्या पद्धतीच्या कोटात ती वरच्या टोकाला आकड्यासारखी वळवलेली असते. बाहीला चारऐवजी दोन बटणं. काठापासून पाव इंच आत दिसणारी टीप. ब्लेझर असेल तर वरून शिवलेले खिसे.

आणि मग ती बटणं, ज्यांच्यामुळे नवखा माणूस हमखास गोंधळतो. कोटाला तीन बटणं असतात, पण कॉलरची पुढची पट्टी, म्हणजे लॅपेल, वरच्या बटणावरून वळून मधल्या बटणापाशी येते. वरचं काज त्या वळणात लपतं. लावायचं फक्त मधलं बटण. वरचं आणि खालचं कायम उघडं. वरचं काज लॅपेलच्या उलट्या बाजूने दिसत असल्यामुळे चांगला शिंपी ते उलट्या बाजूनेही सुबक करतो. हातात कोट आला की पहिली नजर तिथेच टाकावी.

हे वळण टिकतं ते आतल्या कॅनव्हासमुळे. कोटाचं वरचं कापड आणि आतली पट्टी यांच्यामध्ये लोकर आणि घोड्याच्या केसांचं विणलेलं एक कापड टाक्यांनी सैलसर धरलेलं असतं, त्याला कॅनव्हास म्हणतात. स्वस्त कोटात त्याऐवजी गोंद लावलेलं कापड गरम दाबाने चिकटवतात, ते फ्यूजिंग. चिकटवलेला कोट दुकानात उत्तम दिसतो. पुढे वारंवार ड्रायक्लीन आणि वाफेची इस्त्री झाली की गोंद जागोजागी सुटतो आणि छातीवर फुगे येतात. त्यावर इलाज नाही.

ओळखायचं कसं? सर्वात खालच्या काजाच्या आसपास कोटाचं पुढचं आणि आतलं कापड दोन चिमटींत धरून हलकेच वेगळं ओढावं. मध्ये तिसरा सुटा थर बोटांना लागला तर कॅनव्हास. पुढचं कापड पुठ्ठ्यासारखं जाड लागलं आणि मध्ये काहीच सुटं सापडलं नाही, तर फ्यूजिंग.

एक सूचना इस्त्रीवाल्यासाठी. लॅपेल कधीही दाबून सपाट करायची नाही. कडक घडी पडली की तीन बटणांचं ते वळण मेलं, आणि वाफ देऊन हाताने गोल केल्याशिवाय परत येत नाही.

## ‘हा तर ढगळ दिसतो’

हा आक्षेप रास्त आहे, आणि बहुतेक वेळा चूक मापाची असते. पुढे टक्स नसल्यामुळे कंबर फक्त बाजूच्या शिवणीतून घ्यावी लागते, तिथे इंचभर सहज घेता येते. खांदा मात्र अंगाला नेमका बसलाच पाहिजे, कारण खांदा उसवून बदलणं म्हणजे निम्मा कोट पुन्हा शिवणं. ज्यांचं पोट थोडं पुढे आहे त्यांच्यावर हा कोट टक्सवाल्यापेक्षा चांगला दिसतो, कारण कुठेच ताणत नाही. अगदी सडपातळ मुलावर तो थोडा चौकोनी दिसणार, आणि आयव्हीच्या जुन्या फोटोंत तो तसाच दिसतो.

## कॉलर, जिच्यावर सगळं ठरतं

आयव्हीचा एकच कपडा घ्यायचा असेल तर बटणाची कॉलर असलेला ऑक्सफर्ड शर्ट घ्यावा. आणि एकच गोष्ट तपासायची असेल तर त्याची कॉलर.

आधी कापड. ऑक्सफर्डमध्ये ताण्याचे, म्हणजे उभे, बारीक धागे दोन-दोन जोडीने जातात आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, एकेरी, जरा जाड असतो. ताणा निळा आणि बाणा पांढरा ठेवला की जवळून टोपलीच्या विणीसारखे निळे-पांढरे ठिपके दिसतात, लांबून आकाशी रंग. नवं कापड खरखरीत लागतं, आणि पंचवीस-तीस धुण्यांनंतर ते जे मऊ होतं त्याला तोड नाही. आपल्याकडे ‘ऑक्सफर्ड’ म्हणून पुष्कळदा पातळ, चकचकीत कापड विकलं जातं. त्याला ही वीण नीट दिसत नाही, आणि ते मऊ होण्याऐवजी विरतं.

आता कॉलर. १८९६ च्या सुमारास ब्रूक्स ब्रदर्सच्या जॉन ब्रूक्स यांनी इंग्लंडमध्ये पोलो खेळणारे पाहिले. घोडा धावताना कॉलर तोंडावर उडू नये म्हणून त्यांनी तिची टोकं बटणांनी बांधली होती. ब्रूक्स यांनी ती कल्पना न्यूयॉर्कला आणली. (पोलोही इंग्रज मणिपूरमध्ये शिकले. आसामातल्या सिलचरला १८५९ मध्ये त्यांनी क्लब काढला आणि मग खेळ विलायतेला नेला.)

चांगल्या कॉलरची टोकं बटणापर्यंत सरळ जात नाहीत. गळ्यापासून निघून ती आधी बाहेर फुगतात, मग आत वळून बटणाला भेटतात. बाजूने पाहिलं तर धनुष्यासारखी कमान दिसते. ही कमान दोन कारणांनी होते. पहिलं, कॉलर लांब हवी, गळ्याच्या पट्टीपासून टोकापर्यंत सव्वातीन ते साडेतीन इंच. दुसरं, आत बक्रम, म्हणजे कॉलर कडक करणारं कापड, नको. कॉलरचं कापड गळ्यापासून बटणापर्यंतच्या अंतरापेक्षा थोडं जास्त असतं, आणि ते जास्तीचं कापड मऊ असल्यामुळे स्वतःच गोल होतं.

तयार शर्टांत टोक पावणेतीन इंचांवर आलेलं असतं आणि आत चिकटवलेलं बक्रम असतं. कापड पुरत नाही आणि वाकतही नाही. कॉलर छातीवर पाटीसारखी पडते, बटणं नुसती शोभेला राहतात. कितीही महाग शर्ट घ्या, ही दोन मापं चुकली की कमान येत नाही.

याउलट कमान असलेल्या कॉलरला जरा सुरकुत्या पडतात, दोन बाजू एकसारख्या राहत नाहीत, दिवसभरात ती हलते. ती तशीच शोभते. इस्त्री करताना कॉलर पूर्ण उलगडून सपाट करावी, मग हाताने वळवून बटण लावावं. वळणावर इस्त्री फिरवू नये.

## दूध, साखर, माती आणि मद्रास

या अमेरिकी पेहरावातले किती धागे आपल्याकडून गेलेत, ते पाहिलं की हा विषय परका वाटत नाही.

खाकी म्हणजे मातीच्या रंगाची. ‘जळून खाक’ मधला खाक तोच. १८४० च्या दशकात पेशावरला हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्याच्या गाइड्स पलटणीने पांढऱ्या कपड्यांऐवजी मातकट रंग घेतला, तिथून तो जगभरच्या फौजांत गेला आणि फौजेतून कॉलेजात.

सीरसकर हे सुरकुतलेल्या पट्ट्यांचं उन्हाळी कापड. नाव फारसीतल्या ‘शीर ओ शक्कर’ वरून आलं, म्हणजे दूध आणि साखर: एक पट्टा गुळगुळीत, शेजारचा रवाळ. आपल्या शीरखुर्म्यातलं शीर हेच. विणताना काही ताणे घट्ट, काही सैल ठेवतात, सैल भाग आक्रसून उभा राहतो. त्यामुळे कापड अंगाला चिकटत नाही, खालून वारा खेळतो. न्यू ऑर्लिन्सच्या दमट हवेत जोसेफ हॅस्पेल यांनी १९०९ मध्ये त्याचे सूट शिवायला घेतले. इस्त्रीची गरजच नाही, उलट इस्त्रीने त्याचा जीव जातो.

आणि मद्रास. चौकटीचं पातळ सुती कापड, हातमागावरचं, चेन्नईच्या जुन्या नावाने ओळखलं जाणारं. त्याचा कच्चा रंग धुताना सुटायचा. त्याची एक हकिकत कायम सांगितली जाते. १९५८ च्या सुमारास कृष्णन नायर यांनी, ज्यांनी पुढे मुंबईत सहारला लीला हॉटेल बांधलं, एका अमेरिकी आयातदाराला हे कापड विकलं आणि बजावलं की थंड पाण्यात, वेगळं धुवा. ही सूचना ब्रूक्स ब्रदर्सच्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचली नाही. रंग एकमेकांत उतरले आणि तक्रारींचा पाऊस पडला. मग दोषालाच गुण करून जाहिरात झाली: हे कापड रंग सोडणारच, याची हमी, आणि प्रत्येक धुण्याला ते वेगळं दिसेल. लोकांच्या उड्या पडल्या.

आज मद्रास म्हणून मिळणाऱ्या बहुतेक कापडाचा रंग पक्का असतो. कच्च्या रंगाचा मिळालाच, तर थंड पाण्यात एकटा धुवावा आणि सावलीत वाळवावा. मद्रासचा कोट शिवायचा असेल तर चौकटी जुळवण्यासाठी कापड अर्धा मीटर जास्त घ्यावं. खिशावरची चौकट कोटाच्या चौकटीशी जुळली नसेल, तर शिवणाऱ्याने घाई केली आहे हे समजावं.

## दुकान विकलं गेलं की शर्ट का बदलतो

गावातल्या हलवायाने दुकान विकलं. पाटी तीच, डब्याचा रंग तोच, पण पेढा आता भलत्याच गावच्या कारखान्यातून येतो. तो वाईट असेलच असं नाही. पण पाटीवर विसंबून घेण्याचे दिवस संपले.

ब्रूक्स ब्रदर्स १९८८ मध्ये ब्रिटनच्या मार्क्स अँड स्पेन्सरने ७५ कोटी डॉलरला घेतलं आणि २००१ मध्ये साडेबावीस कोटींना क्लॉडिओ डेल वेक्यो या इटालियन उद्योजकाला विकलं. करोनाच्या काळात, जुलै २०२० मध्ये, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधीच तिचे अमेरिकेतले तिन्ही कारखाने बंद करायचं जाहीर झालं होतं: गार्लंडचा शर्टांचा, हेवरिलचा सुटांचा, लाँग आयलंड सिटीचा टायांचा. साडेबत्तीस कोटी डॉलरला नवे मालक आले. २०२५ च्या सुरुवातीपासून हा धंदा जे. सी. पेनी ही अमेरिकी दुकानांची साखळी वगैरेंसोबत कॅटलिस्ट ब्रँड्स या समूहात आहे.

इथे ‘लायसन्सिंग’ समजून घ्यायला हवं. नावाचा मालक एक, ते नाव भाड्याने घेऊन दुकान चालवणारा दुसरा, आणि माल शिवणारा तिसरा. ब्रूक्स ब्रदर्सचं नाव आज ऑथेंटिक ब्रँड्स या कंपनीकडे आहे. अशा रचनेत नाव टिकतं. पण कॉलर सव्वातीन इंच राहावी म्हणून भांडणारा माणूस या साखळीत कुठे बसतो, हा प्रश्न उरतो.

मापं बदलतात त्याला कारणं अगदी साधी आहेत. बक्रम चिकटवलेली कॉलर लवकर शिवून होते आणि हँगरवर कडक, नीटस दिसते. मऊ कॉलर हँगरवर मरगळलेली दिसते, तिची शोभा अंगावर आल्यावर. वेबसाइटवरच्या फोटोत कोण जिंकणार हे उघड आहे. कॅनव्हासला हात लागतात, वेळ लागतो. शिवाय फॅशन बदलली की मोठ्या कंपनीला नवं गिऱ्हाईक हवं असतं, म्हणून कोट आखूड होतो, लॅपेल बारीक होते.

जुनी दुकानं याच्या उलट चालायची. तोच शर्ट, तोच कोट, दरवर्षी. पँट खालून न दुमडता ठेवलेली, गिऱ्हाईक आलं की दुकानातला शिंपी उंची घेणार. वीस वर्षांनी गेलं तरी तेच कापड मिळेल हा भरवसा हाच त्यांचा माल होता. न्यूयॉर्क राज्यातल्या बफलोचं ओ’कॉनेल्स १९५९ पासून याच पद्धतीने चालत आलंय. जे. प्रेसच्या शर्टाच्या खिशाला आजही झाकण असतं आणि त्यांचा घासून केसाळ केलेला शेटलंड स्वेटर अजून निघतो.

## मग जे. प्रेस टिकलं कसं?

जपानमुळे. ओनवर्ड काशियामा या जपानी कंपनीने १९७४ मध्ये जे. प्रेसचं नाव जपानसाठी घेतलं आणि १९८६ मध्ये कंपनीच विकत घेतली. म्हणजे दुकान विकलं गेलं की घात झालाच, असंही नाही. घेणारा काय जपायला घेतो, यावर ते ठरतं.

जपानला हे वेड लावलं केन्सुके इशिझू यांनी. त्यांच्या व्हॅन जॅकेट कंपनीने आयव्हीचे कपडे तिथल्या तरुणांसाठी शिवले. १९६४ मध्ये टोकियोच्या गिंझा भागात असे कपडे घालून उभ्या राहणाऱ्या मुलांना पोलिसांनी उचललं होतं, इतकं ते तिथे नवीन होतं. ज्यांनी ही पद्धत घरात पाहिली नव्हती त्यांना ती मोजून शिकावी लागली: कॉलर किती इंच, चीर कुठून, टीप किती आत. अमेरिकेत हे सगळं सवयीने चालत होतं, म्हणून सवय मोडली तेव्हा मापंही गेली. जपानमध्ये ती लिहून ठेवलेली होती. व्हॅनमध्ये काम केलेल्या योशिओ सादासुए यांनी पुढे कामाकुरा शर्ट्स काढलं आणि २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर दुकान उघडलं.

## ‘हे तर श्रीमंत गोऱ्यांचे कपडे’

सुरुवातीला होतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. त्या विद्यापीठांत काळ्या आणि ज्यू मुलांना सहज प्रवेश नव्हता. पण हे कपडे विकणारे आणि शिवणारे अनेकजण स्थलांतरित ज्यू होते. अँडोव्हर शॉपचे चार्ली डेव्हिडसन यांनी माइल्स डेव्हिससारख्या काळ्या जॅझ वादकाला हे कपडे दिले, आणि त्याच्या अंगावर ते येलच्या कुठल्याही पोरापेक्षा ऐटदार दिसले. नागरी हक्कांच्या चळवळीतली काळी मुलं कोट-टाय घालून फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या हॉटेलांच्या काउंटरवर बसली, ती विचारपूर्वक.

महाराष्ट्राला हे वेगळं समजावून सांगायला नको. आठपैकी एका विद्यापीठात, कोलंबियात, १९१३ ते १९१६ बाबासाहेब शिकले. त्यांच्या सुटाची शिवण हा वेगळा विषय आहे, पण कोट कुणी घालायचा हे दुसऱ्याने ठरवू द्यायचं नाही, हे इथल्या गावागावातल्या पुतळ्यांनी पिढ्यांना सांगितलं आहे.

## ‘आपल्या उन्हात कोट?’

पुण्या-नागपूरच्या मे महिन्यात नकोच. शर्ट, खाकी आणि लोफर एवढ्यावर भागतं. कोट हवाच असेल तर पाठीला अस्तर नसलेला, विरळ विणीच्या लोकरीचा किंवा सुती. घाम धरतं ते पॉलिस्टरचं अस्तर, लोकर नव्हे.

## शिंप्याकडे जाताना

परदेशी दुकानाचा शर्ट मागवण्यापेक्षा इथल्या शिंप्याकडून करून घेणं स्वस्तही पडतं आणि मापं आपल्या हातात राहतात. फक्त त्याला सवयीचं काम करू द्यायचं नाही.

शर्टाला ५८ इंच पन्ह्याचं ऑक्सफर्ड १.६० मीटर, अंग मोठं असेल तर दोन मीटर. शिवायच्या आधी कापड घरी एकदा धुवून वाळवावं. कोरं शिवलं तर पहिल्या धुण्यात गळा आणि बाही आक्रसते. कॉलरचं टोक सव्वातीन इंच सांगावं, आणि ‘कॉलरमध्ये बक्रम नको’ हे दोनदा सांगावं, कारण शिंप्याला ते कामात कसर केल्यासारखं वाटतं. गळ्याच्या पट्टीला पातळ बक्रम चालतं, नाहीतर कॉलर बसकी होते.

खाकी पँटला पुढे प्लेट नको, कंबर बेंबीच्या जवळ, मोहरीचा, म्हणजे पायाशी खालच्या टोकाचा, घेर साडेसोळा इंच. खाली बाहेरून दुमड हवी असेल तर ती पावणेदोन इंचांची, आणि त्यासाठी कापड दहा सेंटिमीटर जास्त. हे कापड कापायच्या आधी सांगायचं, नंतर दुमडायला काही उरत नाही.

कॉलरची बटणं मात्र शर्ट पूर्ण झाल्यावर, अंगात घालून लावून घ्यावीत. गळ्याचं बटण लावायचं, कॉलर आपसूक पडू द्यायची आणि टोक जिथे टेकतं तिथे टाचणीने खूण करायची. मग बटण त्या खुणेपेक्षा साधारण अर्धा इंच वर लावायला सांगायचं. बहुतेक शिंपी खुणेवरच लावतात, कारण तिथे कॉलर सपाट बसते. तसं झालं तर बटण उसवून अर्धा इंच वर घ्यावं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि कमान तिथेच उभी राहते.